दीड किलोमीटर

मॅडम म्हणल्या, सकाळी चालू करताना थरथरायलीय,
हिवताप आल्यासारखी.
म्हणलं, चालवता कुठं?
घर ते क्लास, क्लास ते घर. दीड किलोमीटर.
आणि क्लासबाहेर?
एसी लावून बसते. दोन तास.
म्हणलं, मग बरोबर आहे.

सहा वर्षं. पोरगा सातवीत होता तवापासून.
मीटरवर सगळे मिळून बावीस हजार,
त्यात लातूरची शीव ओलांडल्याचे हजारसुद्धा नसतील.

मॅनिफोल्ड खोललं. तय्यबनं कॅमेऱ्याची वायर आत सोडली.
मोबाइलवर वाल्वची पाठ दिसली:
काळं, चिकट,
आणि त्यावर काळं, वाळलेलं,
ढाब्यावरच्या तव्याच्या बुडागत.

ओजस वाकून बघायला. बॅग पाठीवरच.
पेट्रोलनं धुतलं जात नाही का हे?
म्हणलं, जुन्या गाडीत जायचं.
तिथं पेट्रोल वाल्वच्या अंगावरून आत जायचं,
जाता जाता धुऊन काढायचं.
ह्या टर्बोत इंजेक्टर सरळ सिलिंडरात पिचकारी मारतो.
ताकद वाढली, अॅव्हरेज वाढला,
उंबऱ्यावर पाणी पडायचं बंद झालं.
वरून इंजिनच्याच पोटातली तेलकट वाफ
रोज त्याच दारानं परत आत,
आणि दार तापलेलं.

रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी
मी पंधरा दिवस एकच डांगरी घातली होती.
न धुतलेलं कसं दिसतं ते बघायला
मला कॅमेरा लागत नाही.

मॅडम म्हणल्या, अहो, पण मी तर महागातलं पेट्रोल टाकते,
पाच नंबर चौकातून, मुद्दाम.
शेल्फवर निळ्या बाटल्या होत्या.
एका बाटलीमागं मला एकशेचाळीस सुटतात.
हात तिकडं गेलाबी होता.
म्हणलं, महागातल्यानं इंजेक्टरचं तोंड साफ राहील.
मे महिन्यात टर्बोनं दाब धरला
की ठोका जरा कमी वाजेल.
पण वाल्वपर्यंत ते जातच नाही.
जिथं जात नाही तिथलं काय धुणार?
टाकीच्या झाकणावर जो आकडा लिहिलाय तेवढ्याचं टाका.
आणि ऑइल बदला,
किलोमीटर मोजू नका, महिने मोजा.

मग अक्रोडाचा भुगा बंदुकीत भरला.
नुसती टरफलं. गर कुणी खाल्ला, कुठं, काय माहीत.
लोखंडाहून मऊ, काजळीहून कडक.
आधी बघायचं वाल्व मिटलेत का,
मगच हवा.
एक कण आत गेला तर माझं शटर गेलं.

पुली हातानं फिरवायला एक माणूस कमी होता.
ओजसच्या हातात पाना दिला.
हळू. मी थांब म्हणलं की थांब.
तवा त्यानं पाठीवरची बॅग उतरवली,
कुठं ठेवावी कळंना,
जुन्या टायरवर ठेवली.

दुसरा झाला. तिसऱ्याला आईचा फोन टिंग वाजला:
आपला पाल्य आज गैरहजर आहे.
तिनं मेसेज वाचला.
पोराकडं बघितलं: कोपरापर्यंत काळा,
ओठ घट्ट दाबलेले, पान्यावर नजर,
थांब म्हणलं की थांबायलेला.
फोन पर्समध्ये टाकला. चेन लावली.

संध्याकाळी ट्रायल. औसा रोड.
चालवायला मॅडम, शेजारी मी, मागं ओजस,
नखात रॉकेलचा वास घेऊन.
म्हणलं, दाबा.
अजून?
अजून. खालच्या गिअरवरच राहू द्या.
काटा चारवर गेला आणि
पुढून बारीक शिट्टी आली.
हे काय वाजलं?
टर्बो.
आधी कधी वाजला नव्हता.
वाजला असता हो,
क्लासच्या गल्लीत कसा वाजणार?

परत नाही ना साचणार?
साचेल की. जरा उशिरा साचेल.

बुधोड्याला वळायला जागा होती.
मी बोट दाखवलं. मॅडमनी बघितलं,
आणि सरळ गेल्या.
मी काय बोललो नाही.
दुकानात तय्यब होता.